बंडीचा चोरखिसा

माझं शुद्धलेखन चुकतं. ऱ्हस्व कुठलं आणि दीर्घ कुठलं हे मला शाळेतही कळलं नाही, आणि अक्षर असं आहे की आज लिहिलेलं उद्या मलाच लावून वाचावं लागतं. त्याची माफी आधीच मागते. माझी चौथी झाली आणि पाचवीला दुसऱ्या गावी जावं लागायचं, म्हणून शाळा तिथेच राहिली. हे कुणी वाचावं म्हणून लिहीत नाही. त्या दोन वर्षांत मला जे बोलता आलं नाही ते कुठेतरी ठेवावं, एवढंच.

आम्ही जालन्याला राहतो, एमआयडीसीच्या अलीकडे, भाड्याच्या दोन खोल्यांत. मी, आमचे हे, आणि सासूबाई. मुलगी लग्न होऊन गेली. हे आधी सळईच्या कारखान्यात होते. भट्टीसमोर उभं राहून डोळ्यांना त्रास व्हायला लागला तेव्हा एका कापसाच्या व्यापाऱ्याकडे लागले. गावोगाव व्यापाऱ्याची माणसं कापूस घेतात, त्यांच्याकडे रोख रक्कम पोचवायची, हे काम. जाफराबाद, भोकरदन, धावडा, सगळा तोच भाग. धावडा तर आमचंच गाव. मोबाईलवर पैसे पाठवायची सोय आता सगळीकडे आहे, पण काट्यावर कापूस मोजला की शेतकऱ्याला नोटा हातात लागतात. त्या नोटा आमच्या ह्यांच्या अंगावर असायच्या.

अंगावर म्हणजे बंडीत. शर्टाच्या आत घालायची बंडी मी घरी मशीनवर शिवते. ह्या धंद्यातली बरीच माणसं माझ्याकडून नेतात, कारण माझा चोरखिसा चांगला असतो. तो मला आईने शिकवला. डाव्या बाजूला आतून लावायचा, तोंड काखेकडे ठेवायचं, अरुंद ठेवायचं, वर झाकण आणि झाकणाला आतून बटण. दुसऱ्याचा हात जाऊ नये हे तर आलंच, पण ज्याची बंडी त्याचाही हात सहज जाऊ नये. आई म्हणायची, पैसा काढायला माणसाला वेळ लागला पाहिजे, तेवढ्यात त्याचा विचार बदलतो. हे मी इथे लिहून ठेवते, कारण पुढे ते कामाला आलं.

त्या व्यापाऱ्याकडे, म्हणजे शेठकडे, आणखी एक माणूस हेच काम करायचा. त्याला भोकरदनच्या रस्त्याला दोघांनी गाडी आडवी घालून पाडलं आणि लोखंडी पाइपाने मारलं. पैसे गेले. हात दोन ठिकाणी मोडला. हे त्याला बघायला दवाखान्यात गेले होते. आल्यावर जेवले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "हात पहिल्यासारखा होत नाही म्हणत्यात."

मला तेव्हापासून एकच गोष्ट हवी होती. हे संध्याकाळी घरी यावेत. फटफटीचा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला की मी पीठ मळायला घ्यायची. तोपर्यंत पिठात पाणी घालायला हात जात नसे.

मी म्हटलं, काम सोडा. सोडून काय करायचं, हे त्यांनी विचारलं नाही, मीही सांगू शकले नाही. त्याच आठवड्यात शेठनी ह्यांना बसवून घेतलं आणि रिवॉल्व्हरचं लायसन काढायला सांगितलं. शेठकडे स्वतःचं होतं, पण ज्याच्या नावावर लायसन त्यानेच बाळगायचं असा कायदा आहे. म्हणजे लायसन ह्यांच्या नावावर, वस्तू ह्यांच्या नावावर. पैसे शेठ देणार, उचल म्हणून, आणि पगारातून कापून घेणार. उचल फिटेपर्यंत काम सोडायचं नाही, हे बोलायची गरजच नव्हती. उचलीचा अर्थ आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतो.

लायसनला फार दिवस लागले. कलेक्टर हापिसात कागद, मग पोलिसांची चौकशी. चालवायचं शिकून त्याचं सर्टिफिकेटही आणावं लागलं. चौकशी इथे झाली तशी धावड्यालाही झाली. तिथे पारावर कुणीतरी म्हणालं, आमच्या वस्तीतल्या माणसाला बंदूक कशाला लागते, तो कुठला जहागीरदार लागून गेला. ते ह्यांच्या कानावर आलं. आम्ही बौद्ध आहोत. असं बोलणं नवं नाही. पण ह्यांना ते लागलं, आणि मला वाटतं तोपर्यंत मनात जे थोडं मागेपुढे होतं ते त्या दिवशी संपलं. मग लायसन मिळायलाच पाहिजे असं त्यांना वाटायला लागलं.

मिळाल्यावर आम्ही संभाजीनगरला दुकानात गेलो. मला कशाला नेता म्हटलं, तर म्हणाले, खिसा तुला शिवायचाय, तू बघून घे. एसटीत मी खिडकीला तोंड करून बसले होते. दुकान अगदी साधं, काचेचं टेबल, भिंतीला लांब बंदुका. म्हातारा दुकानदार शांत होता. त्याने टेबलावर हिरवं फडकं पसरलं आणि त्यावर दोन रिवॉल्व्हर ठेवल्या. दोन्ही उघडून रिकाम्या असल्याचं दाखवलं, मग बंद केल्या.

एक अर्ध्या किलोची होती, छोटी, मुठीत मावेल अशी. दुसरी पाऊण किलोची, पोलादी, थोडी लांब. छोटी फार महाग होती. मला वाटलं उलटं असेल, लोखंड जास्त तर पैसे जास्त. दुकानदार म्हणाला, तसं नसतं, हलकं करायलाच पैसे पडतात. मग त्याने सगळं समजावून सांगितलं. हलकी अंगावर जाणवत नाही, पण उडवली की हाताला जोरात झटका देते. जड असते ती हातात स्थिर राहते, नेमही बरा लागतो, पण कपड्यातून दिसते. शेवटी ह्यांच्या हातातल्या छोटीकडे बोट दाखवून म्हणाला, "ही खरं तर लेडीजसाठी काढलेली आहे. पण आता जेन्ट्स लोकही नेतात."

आमच्या ह्यांनी ती लगेच खाली ठेवली. मला हसू आलं आणि मी पदर तोंडाला लावला.

"वहिनी, तुम्ही सांगा," दुकानदार म्हणाला.

परक्या माणसासमोर माझा आवाज निघत नाही. मी फक्त विचारायचं म्हणून ह्यांच्या कानाशी विचारलं की कोणती दिसणार नाही. तेच ह्यांनी मोठ्याने विचारलं. नेम कोणाचा चांगला, हे आम्ही दोघांनीही विचारलं नाही. दुकानदाराने चामड्याचं कव्हर दाखवलं, पट्ट्याला अडकवायचं. पण शेठनी बजावून सांगितलं होतं की पट्टा नको, पट्टा लोकांच्या डोळ्यांवर येतो, नोटा ठेवतो तसं बंडीत ठेव. मग हे म्हणाले, विचार करून येतो. दुकानदाराने दोन्ही फडक्यात गुंडाळल्या. त्याला घाई नव्हती.

घरी आल्यावर ह्यांनी जुन्या ओळखीवर कारखान्यातून सळईचे दोन तुकडे कापून आणले. किराणा दुकानात तोलून घेतले, एक अर्धा किलो, एक पाऊण किलो. मी त्यांना जुन्या साडीच्या चिंध्या गुंडाळून साधारण तसा आकार आणला आणि दोन बंड्यांना दोन चोरखिसे शिवले. मग हे एक दिवस ह्या बंडीत तर एक दिवस त्या बंडीत सळई घालून कामावर जायला लागले.

सासूबाईंना आम्ही आधी सांगितलं नव्हतं. पाऊण किलोवाल्या दिवशी त्यांनी ह्यांना दारातून जाताना बघितलं आणि विचारलं, "काय रे, एकाच बाजूनं पोट सुटलं का?"

"औषधाची बाटली हाय, माय."

"कुणाची, हत्तीची?"

ती बंडी डावीकडे ओढायची. शर्टाची कॉलर तिरपी व्हायची आणि ह्यांचा हात सारखा तिथे जायचा. चहाच्या टपरीवर एकाने विचारलं, छातीत दुखतंय का, दुखत असेल तर अंगावर काढू नका. अर्ध्या किलोची मात्र बंडीत बसून जायची. गाडीला किक मारताना वाकले तरी समजायचं नाही. आठवड्याने ह्यांनी मला विचारलं, मंग काय करू. मी म्हटलं, हलकी घ्या.

उचल त्यामुळे बरीच वाढली. किती महिने जास्त कापले जातील ते ह्यांनी बोटांवर मोजून बघितलं आणि मला सांगितलं नाही, पण मी बोटं बघत होते. हलकी घेतल्याने ती अंगावर जास्त दिवस राहणार होती.

वस्तू घरी आली. आम्ही तिला वस्तूच म्हणायचो. आमच्याकडे एकच कपाट आहे, त्यात कुलूप लागणारा एक कप्पा, त्यात माझं डोरलं आणि कागदपत्रं असायची. त्यांच्या शेजारी तिचा डबा. कपाटाच्या वर भिंतीला भगवान बुद्धांची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो. संध्याकाळी मेणबत्ती लावून आम्ही तिघं वंदना म्हणतो. सासूबाई पुढे म्हणतात, आम्ही मागून. पंचशीलात पहिलंच शील जीवहिंसेपासून दूर राहण्याचं. मी ते लहानपणापासून म्हणत आले, पण आता ते म्हणताना माझे डोळे कपाटाच्या कुलपावर जायचे. काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं की पहिल्या शीलाला ह्यांचा आवाज येत नाही. दुसऱ्यापासून यायचा.

सासूबाईंना तोपर्यंत सगळं कळलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "माझ्या लेकराला मारलं तर मी कुठं जाऊ? आन् त्यानं कुणाच्या लेकराला मारलं तर कुठं जाऊ?" मी भाकरी थापत होते.

रोज सकाळी शेठ ह्यांच्याकडे रक्कम देताना शर्टावरून हात फिरवून बघायचे, वस्तू आहे ना. हे मला ह्यांनी हसत सांगितलं, पण ते हसण्यासारखं नव्हतं.

पहिला हंगाम निघाला. दुसऱ्या हंगामात, दिवाळी झाल्यावर, एका दुपारी हे लवकर घरी आले. गाडी लावली, आत आले आणि चप्पल न काढता खाली बसले. पाणी दिलं तर तांब्या हातात धरून राहिले. मग सांगायला लागले.

जाफराबादच्या रस्त्याला मागून एक गाडी लागली. दोघं जण, दोघांची तोंडं रुमालाने बांधलेली. आता उन्हाधुळीत सगळेच बांधतात, हेही बांधतात. पण ते दोघं हॉर्न वाजवत होते आणि हाताने काहीतरी खुणावत होते. ह्यांनी गाडी पळवली, तर त्यांनीही पळवली. रस्त्याला दुसरं कुणी नव्हतं, दोन्हीकडे कपाशी. ह्यांनी एका हाताने हँडल धरलं आणि दुसरा हात शर्टात घातला. बोटं झाकणाला लागली, पण बटण निघेना. बटण आतून होतं, तोंड काखेकडे होतं. हात तिथेच अडकला, गाडी डुगडुगली, आणि तेवढ्यात ते दोघं बरोबरीला आले. मागच्याने रुमाल खाली ओढला आणि ओरडून सांगितलं, "अवो काका, स्टँड खाली हाय तुमचं!"

आणि पुढे निघून गेले.

हे रस्त्याच्या कडेला थांबले. गाडीचं स्टँड खरंच खाली होतं. वळणावर टेकलं असतं तर गाडी उलटली असती. ते दोघं ह्यांना वाचवायला मागे लागले होते.

"बटण निघालं असतं तर?" हे मला म्हणाले. मग लगेच म्हणाले, "आन् ते चोर असते तर?"

दोन्ही प्रश्न एकाच दमात विचारले. मी त्यांच्या शेजारी बसून राहिले. माझ्या मनात त्या मागे बसलेल्या माणसाचं तोंड येत होतं, मी ते कधी बघितलं नव्हतं तरी. त्याच्याही घरी कुणीतरी पीठ भिजवायचं थांबलेलं असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी बंडी माझ्यासमोर ठेवली आणि खिसा नीट करून दे म्हणाले. नीट म्हणजे तोंड वर, रुंद, बटण काढून टाकलेलं. हात घातला की लागलीच वस्तू हातात यावी असा. ते रागावलेले नव्हते. आवाज अगदी खाली होता, जणू माझ्याकडून काहीतरी उसनं मागत होते.

मला नाही म्हणायचं होतं. पण नाही म्हटलं आणि पुढल्या खेपेला खरंच पाइप घेतलेले निघाले तर? मी बंडी मशीनवर घेतली. दोरा उसवला, बटण काढून डबीत टाकलं, तोंड फिरवलं. इतकं साधं काम होतं, पण मशीन दोनदा अडकलं. शिवून झाल्यावर मी स्वतः हात घालून बघितला. हात सरळ आत गेला. माझ्या आईने शिकवलेलं मी माझ्याच हातांनी मोडलं होतं आणि ते अगदी बरोबर जमलं होतं.

त्यानंतरचे पंधरा-वीस दिवस मला नीट आठवत नाहीत. हे जायचे, यायचे. आले की मी आधी तोंड बघायची, मग बंडी.

मग एकदा सासूबाईंचं आधारकार्ड लागलं म्हणून मी दिवसा कपाट उघडलं. कागद काढताना डब्याला हात लागला. डबा जड होता. मी झाकण उघडलं तर वस्तू आतच होती, आणि हे सकाळीच धावड्याकडे गेले होते. पहिल्यांदा वाटलं, विसरले. ते रस्त्यावर आणि अंगावर काहीच नाही. फोन करावा म्हणून हातात घेतला आणि ठेवला. गाडीवर असताना फोन उचलतील या भीतीने केला नाही.

संध्याकाळी आले. हातपाय धुवायला बंडी काढून ठेवली. मी ती धुवायला उचलली तर खिशात जड लागलं. हात घातला, तर चिंध्या गुंडाळलेली सळई, अर्ध्या किलोची. शेठ सकाळी हात फिरवून बघायचे, त्यांना ती वस्तूच लागत असणार.

म्हणजे विसरले नव्हते. किती दिवस असं चालू होतं ते मला माहीत नाही, मी विचारलं नाही. मला त्या वेळी आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण त्याच्या आत भीती जशीच्या तशी होती. आधी भीती होती की हे कुणाला तरी मारतील, आता पुन्हा जुनीच, की ह्यांना कुणीतरी मारेल, आणि ह्या वेळी ह्यांनी ती स्वतः निवडली होती. मी अडवू शकत नव्हते. ती वस्तू घेऊनच जा असं मी कोणत्या तोंडाने म्हणणार होते?

मी सळई बाजूला काढली आणि बंडी धुतली. वाळल्यावर खिसा पुन्हा उसवला. तोंड काखेकडे केलं, अरुंद केलं, झाकण लावलं, डबीतलं तेच बटण आतून शिवलं. सळई आत घालून बटण लावलं आणि बंडी खुंटीला टांगली.

सकाळी ह्यांनी ती घातली. बटणावर बोट फिरलेलं मी बघितलं. माझ्याकडे एकदा पाहिलं, शर्ट घातला आणि गेले. त्या संध्याकाळी वंदनेला पहिल्या शीलाला त्यांचा आवाज आला.

मग फक्त वाट बघायची राहिली. मध्ये निवडणूक लागली तेव्हा सगळ्या लायसनवाल्यांना वस्तू पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागल्या. ह्यांनीही केली. त्या दिवसांत कपाटात डबा नव्हता आणि मला खोली मोठी वाटायची. निवडणूक झाल्यावर ती परत आणावीच लागली. मी रोज शिलाई करत होते, ब्लाउज, बंड्या, शाळेचे गणवेश, जे येईल ते. पैसे पिठाच्या डब्यात ठेवायची. महिन्याला पगारातून कापलं जायचं, घर त्यातून उरलेल्यात चालायचं, आणि हे रोज खिशात लोखंडाचा तुकडा घेऊन दुसऱ्याची रक्कम पोचवून यायचे. कुणी अडवलं नाही. ते नशीब म्हणा. आमची त्यात काही करामत नव्हती.

दुसरा हंगाम संपता संपता हे हिशोब करून म्हणाले, आता वस्तू विकली तर उरलेलं जवळजवळ फिटतं, थोडं कमी पडेल. विकायलाही हापिसाची परवानगी लागते. तो अर्ज, त्या खेपा, पुन्हा तेच सगळं. शेवटी परवानगी आली आणि त्याच म्हाताऱ्या दुकानदाराने ती परत घेतली. घेताना फडक्याने पुसली आणि म्हणाला, एकदाही उडवलेली दिसत नाही. किंमत मात्र त्याने कमी केली. कमी पडलेलं मी पिठाच्या डब्यातून काढून दिलं. नोटांना पीठ लागलं होतं, ते मी झटकलं.

ते पैसे घेऊन हे शेठकडे गेले, तेव्हा दुपार व्हायची होती. मी दारात बसून होते. फटफटी गल्लीच्या तोंडाशी वाजली तेव्हा पीठ मळायची वेळही नव्हती. आत आल्यावर त्यांनी सांगितलं ते असं. शेठनी सवयीप्रमाणे आधी शर्टावरून हात फिरवला. सळई जागेवर होती. ह्यांनी बटण काढलं, वेळ लागला, शेठ बघत राहिले. मग सळई काढून टेबलावर ठेवली आणि तिच्या मागून नोटा काढल्या. शेठनी एकदा सळईकडे बघितलं. नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या.

"बराबर हाय," शेठ म्हणाले. "फिटली तुझी उचल, सगळी."